पाणी नको, वहिनी

इंदूबाईंना तहान फार लागायची. मी त्यांच्या हाताखाली विद्यापीठाच्या समाजशास्त्र खात्यात लागलो तेव्हा पहिल्या दिवशी काहीतरी जाडजूड वाचायला देतील अशी माझी समजूत होती. दिलं काय, तर तांब्या. शिपाई रजेवर होता. "शिवरेकर, आधी पाणी, मग समाज," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. माझं आडनाव शिवरेकर नाही. मी शिवऱ्याचा, एवढं त्यांनी मुलाखतीत ऐकलं होतं, ते कायमचं डोक्यात बसलं. माझ्या लग्नात दिलेल्या भांड्यावरसुद्धा त्यांनी शिवरेकरच कोरून आणलं होतं. ते भांडं चुकून आमच्याकडे आलं असावं असं माझ्या सासूबाईंना पुष्कळ दिवस वाटत होतं.

बाई बुटक्या, अंगानं भरलेल्या. खादीची साडी, जाड भिंगांचा चष्मा आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. हे बूट घालून त्या वेल्ह्याच्या बाजूचे डोंगर अशा चढायच्या की आम्हा तरुणांची तोंडं उतरायची. मला डोंगराची हौस नाही. डोंगरातल्या माणसाला ती नसते, कारण त्याला लहानपणी गुरं हुडकायला रोज तो चढावा लागतो. पण बाईंपुढं सांगता कुणाला? "चला शिवरेकर, तुमच्या माहेरी जायचंय," म्हणाल्या की पिशवी उचलायची.

डोंगरात जाताना त्या पाण्याची बाटली कधी घ्यायच्या नाहीत आणि आम्हालाही घेऊ द्यायच्या नाहीत. त्यांची कामाची रीत होती तशी. वाडीतल्या पहिल्या घरी पोचायचं, ओट्यावर बसायचं आणि हाक द्यायची, "वहिनी, पाणी आणा." पाणी पिऊन झालं की मग कागद काढायचे. माणूस घरचं पाणी घेऊन आला तर लोकांना तो सरकारी वाटतो, असं त्यांचं म्हणणं. पाणी मागितलं की घरची बाई पुढं येते, तांब्या ठेवते, पदर सावरून तिथंच टेकते आणि बोलायला लागते. हे मी असंख्य वेळा पाहिलं. अगदी तसंच व्हायचं.

बाई स्वतःच्या चुका मात्र जेवणातल्या लोणच्यासारख्या वाढायच्या. खात्यात नवा माणूस आला की पहिल्याच चहाला निरोगी खोऱ्याची गोष्ट. राजगडाच्या पायथ्याच्या वाड्यांमधून त्यांनी पहिली पाहणी केली तेव्हा प्रत्येक घरी विचारलं, "गेल्या महिन्यात घरात कोण आजारी होतं?" प्रत्येक घरी उत्तर आलं, "न्हाई, समदी बरी हायती." बाई खूष. इतकं निरोगी खोरं अख्ख्या जिल्ह्यात नसेल, असा निष्कर्ष लिहूनही झाला. मग भाताची लावणी बघायला म्हणून गेल्या, तर चिखलात एक म्हातारी रोपं लावतेय आणि तिचे दात वाजतायत. कपाळाला हात लावला तर चटका बसला. बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर आजारी आहात." म्हातारीला रागच आला. म्हणाली, "आजारी म्हंजी आंथरुनाला लागल्यालं माणूस. म्या तर उभी हाय."

"चूक माझी," असं म्हणून बाई ही गोष्ट संपवायच्या आणि समोरच्याला म्हणायच्या, "हं, आता तुमची सांगा." ज्याला स्वतःची चूक सांगता येत नसे तो त्यांच्या मनातून जरा उतरायचा.

त्या म्हातारीपासून बाईंच्या डोक्यात एकच विषय शिरला. माणूस आजारी कधी ठरतो, कोण ठरवतं, दवाखान्यात कोण नेतं आणि कुणाला नेत नाही. आरोग्याचं समाजशास्त्र, हे त्याचं भारदस्त नाव. हे शिकवायला खात्यात वेगळा अधिव्याख्याता हवा म्हणून बाईंनी वर्षानुवर्षं अर्ज केले. वरून एकच उत्तर यायचं, आरोग्याला डॉक्टर आहेत, तुमचं काय काम? एकदा बाईंनी असं म्हणणाऱ्या एका साहेबांना जीपमध्ये घातलं आणि थेट वेल्ह्याच्या बाजारात नेलं. बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या दारात ही रांग. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं, तर डॉक्टर एकटेच पेपर वाचत बसलेले. बाई म्हणाल्या, "इथली दुखणी मीठमिरचीबरोबर बाजाराला येतात, साहेब. हे औषधाच्या पुस्तकात कुठं आहे ते दाखवा." साहेबांनी दाखवलं नाही, पण जागा मंजूर केली. एक मात्र पाचर मारून ठेवली. जूनच्या आत माणूस मिळाला नाही तर जागा दुसऱ्या खात्याला जाणार.

जाहिरात आली, अर्ज आले, आणि छाननी होऊन दोनच उमेदवार उरले. एक गृहस्थ परदेशातून शिकून आलेले, गोरेगोमटे, बोलायला अतिशय गोड. दुसरी विमल. भोरच्या बौद्ध कुटुंबातली, वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पुण्याच्या एका कॉलेजात वर्षभर तात्पुरती शिकवत होती, ती नोकरी संपत आलेली. भोरच्या शाळेनं तिला कायमच्या नोकरीचं विचारलं होतं आणि वडील मागं लागले होते की हातचं सोडू नको. विद्यापीठाचं नक्की होईपर्यंत तिनं शाळेला थांबवून धरलं होतं, आणि शाळा काही जन्मभर थांबणार नव्हती.

बाईंनी समितीच्या मुलाखतीआधी दोघांना डोंगरात न्यायचं ठरवलं. "खुर्चीवर बसलेला माणूस मला कळत नाही," म्हणाल्या. चैत्र संपत आलेला. नसरापूरवरून जीप आत वळली तशी गरम हवा तोंडावर यायला लागली. पालीच्या अलीकडं जीप सोडून आम्ही वाडीची वाट धरली. गृहस्थांकडं उकळलेल्या पाण्याची बाटली होती. त्यांचं पोट नाजूक, म्हणून बाईंनी ती चालवून घेतली. विमल पदर खोचून चढत होती, वाटेत करवंदाच्या जाळीत हात घालून तिनं दोन-चार पिकलेली शोधून बाईंच्या हातावर ठेवली. बाई खूष होत्या. आपलं खोरं दाखवायचं म्हणून त्यांनी मुद्दाम पारूवहिनींचं घर निवडलं होतं. खोऱ्यातलं बाईंचं हे सगळ्यात जुनं घर. दर खेपेला जाताना लाल तांदळाची पुरचुंडी मिळायचीच.

आम्ही ओट्यावर बसलो. विमल एका कडेला टेकली. बाईंनी हाक दिली, "वहिनी, पाणी आणा. आज पाहुणे आहेत."

पारूवहिनी तांब्या आणि फुलपात्र घेऊन आल्या. बाईंचं फुलपात्र भरलं. मग विमलकडं वळून, कुणीही विचारेल तसं विचारलं, "तुमी कुठल्या म्हनायच्या?"

"भोरची."

"भोरात कुठं?"

विमलनं सरळ सांगितलं, "स्टँडच्या मागं, बौद्धवस्तीत."

वहिनींचा तांब्याचा हात जागच्या जागी राहिला. त्या आत गेल्या नाहीत, रागावल्या नाहीत, आवाजही चढला नाही. तांब्या जरा उंच धरला आणि म्हणाल्या, "वंजळ धरा, बाई."

मी ह्याच मुलखातला, मला हे नवीन नव्हतं. पण बाईंसमोर, बाईंच्या लाडक्या ओट्यावर. विमलनं ओंजळ पुढं केली नाही. "नको वहिनी, मला तहान नाही," एवढंच म्हणाली. तिच्या ओठांवर वाटेतल्या धुळीचा थर होता.

बाईंचं फुलपात्र ओठाजवळ गेलं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. "पाणी नको, वहिनी," त्या म्हणाल्या. बाईंनी पाण्याला नको म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. वहिनी गोंधळल्या, माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्यांच्यातला, मी काहीतरी सांभाळून घेईन असं त्यांना वाटलं असणार. काय सांभाळणार?

विमलच पहिल्यांदा बोलली. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर एक जर्मनची ताटली आणि पोचे आलेला पेला पालथा घातलेला होता. तिकडं बघत तिनं विचारलं, "वहिनी, ही ताटली कुणाची?"

"कुनाची न्हाई. आशीच पडून आस्ती."

"ओली आहे अजून. आत्ताच कुणीतरी जेवलंय." विमलचा आवाज अगदी साधा होता. "माझ्यासारख्या माणसासाठी ठेवतात तशी आहे. पण मी तर आज पहिल्यांदा आले. मग घरातलं कोण बाहेर जेवतं?"

गोठ्यातून खोकल्याचा आवाज आला. दाबून धरलेला खोकला, तोंडात पदर कोंबून खोकतात तसा. बाई दचकून उठल्या. कारण ह्या ओट्यावर त्यांनी गेल्या दोन खेपांना विचारलं होतं, सून कुठं आहे, आणि माहेरी गेलीय असं उत्तर लिहून घेतलं होतं.

पारूवहिनी मट्कन खाली बसल्या. "सून हाय, सुमन. लई दिस झालं खोकतीया. रोज तिन्हीसांजला आंग ऊन लागतं. भाईर कळलं तर माज्या धाकलीचं लगीन कोन करील? बोभाटा झाला तर मान्सं उंबऱ्याला येनार न्हाईत." आणि डोळ्यांना पदर लावला. मला त्या क्षणी त्यांचा राग यायला हवा होता, तो पुरता आला नाही. पोरीचं लग्न अडेल ह्या भीतीनं आमच्याकडं माणसं काय काय करतात ते मी घरातच पाहिलेलं आहे.

विमल गोठ्याच्या दारात जाऊन बसली. आत अंधारात, गुरांच्या पलीकडं, गोधडीवर एक काटकीसारखी पोर पडली होती. आम्ही मागं उभे. मला वाटलं विमल विचारेल, कधीपासून आजारी आहेस. तिनं विचारलं, "कधीपासनं हितं जेवतीस गं?"

ती पोर लगेच बोलली. "दसऱ्यापासनं."

एवढा वेळ नीट पुणेरी बोलणारी विमल एकदम आमच्या भोरच्या बोलीत आली. "त्या ताटलीतलं गिळवत न्हाई ना? घास हितंच आडतो ना?" आणि गळ्याला हात लावला. सुमननं मान हलवली आणि रडायला लागली. विमल गोधडीच्या कडेला सरकली आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

बाई मागं वळल्या, त्या कट्ट्यापाशी गेल्या आणि ताटलीकडं बघत उभ्या राहिल्या. "चूक माझी," म्हणाल्या. ह्या खेपेला त्या हसल्या नाहीत.

पुढचं सगळं बाईंनी धडाधड केलं. सुमनचा नवरा शेतावर होता, त्याला बोलावणं गेलं. वहिनींना समोर बसवून सांगितलं की हे क्षयाचं दुखणं असलं तरी सुयांनी आणि गोळ्यांनी बरं होतं, आणि सून बरी होऊन घरात वावरताना दिसली की बोभाटा आपोआप बंद होईल. वहिनींनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हटलं नाही. संध्याकाळी पुण्याच्या दवाखान्याकडं निघालेल्या जीपमध्ये पुढं सुमन आणि तिचा नवरा, मागं आम्ही कोंबून बसलेले. गृहस्थांच्या मांडीवर सुमनचं गाठोडं होतं. कात्रजच्या घाटात ते एकदम म्हणाले, "ती ताटली मीही बघितली होती, बाई. मला वाटलं कुत्र्याची असेल." बाईंनी त्यांचा खांदा थोपटला. हेच गृहस्थांनी पुढं समितीपुढंही सांगितलं. माणूस सरळ होता. त्यांना दुसरीकडं चांगली नोकरी लागली आणि ते मरेपर्यंत बाईंना दिवाळीला पत्र टाकत.

मुलाखतीच्या दिवशी मी आणि विमल बाहेर बाकावर बसलो होतो. तिची मुलाखत झाली होती आणि आत चर्चा चाललेली. शाळेला त्या दिवशी कळवायचं होतं, वडील भोरहून दोनदा फोन करून चुकले होते. दार बंद होतं, पण बाईंचा आवाज असा की त्याला दार अडवू शकत नसे. समितीतले एक सभ्य सदस्य म्हणत होते, "मुलगी हुशार आहे, वादच नाही. पण तुम्हीच आत्ता सांगितलंत, त्या घरात तिला पाणी दिलं नाही. खेड्यात लोक जिला ओट्यावर नीट बसू देत नाहीत ती पाहणी कशी करणार? तिच्याच भल्यासाठी म्हणतोय."

विमल जमिनीकडं बघत होती. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

बाई म्हणाल्या, "मला त्या घरानं वर्षानुवर्षं पाणी पाजलं. तांदूळ बांधून दिले. माझ्याशी सगळं बोलले. आणि गोठ्यातली बाई मला दिसली नाही. हिला पाणी मिळालं नाही आणि हिला दिसली. आता तुम्ही सांगा, पाहणी कुणाला येते?"

आत खुर्च्या सरकल्या. कुणीतरी खोकलं. मग बाईंचा आवाज खाली आला, इतका की आम्हाला मान पुढं काढावी लागली. "मला निवृत्त व्हायला फार दिवस नाहीत. माझ्यामागं हा विषय ज्याला दिसतो त्याच्याच हातात द्यायचाय."

दार उघडून बाई बाहेर आल्या तेव्हा घामानं डबडबल्या होत्या. विमलकडं बघून म्हणाल्या, "शाळेला नाही म्हणून कळव." विमल उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. मग खाली वाकली आणि बाईंनी तिला मध्येच धरलं. मी माठाकडं पळालो, कारण आता काय मागतील ते मला माहीत होतं.

त्यानंतर बाईंनी जुन्या बाजारातून मिलिटरीची एक बाटली आणली, कापडी पट्ट्याची. डोंगरात जाताना ती गळ्यात. पारूवहिनींच्या घरी जाणं त्यांनी थांबवलं नाही. ओट्यावर बसायच्या, सुमनच्या सुयांची चौकशी करायच्या, धाकटीच्या लग्नाला जाऊन अक्षता टाकून आल्या. सुमन वर्षभरानं चांगली सावरली, अंगानं भरली, स्वयंपाकघरात परतली. पण वहिनी तांब्या घेऊन आल्या की बाई म्हणायच्या, "पाणी नको, वहिनी," आणि बाटलीचं झाकण फिरवायच्या.

एकदा वहिनींना राहवलं नाही. "बाई, आमचं पानी वंगाळ झालं व्हय? लई बोललासा तरी चाललं आसतं. ही बाटली बगवत न्हाई."

"पाणी चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "विमल प्यायली की मी पिते."

वहिनी तांब्या घेऊन आत गेल्या. त्याही हट्टी, ह्याही हट्टी. मी मधल्या मध्ये वैतागायचो. मी एकदा बाईंना म्हटलंही, माणसं एका दिवसात बदलत नाहीत, सोडून द्या आता. बाई म्हणाल्या, "मी कुठं रागावलेय, शिवरेकर? मी फक्त तहानलेली आहे."

विमल मात्र कामाला लागली होती. तिचे विद्यार्थी बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसत आणि कोण कुठं बसतं, कुणाला शेवटी बोलावतात, हे बघत. वाडीला नर्सबाई यायच्या त्या गावातून परस्पर परत फिरायच्या, बौद्धवस्तीत जायच्या नाहीत. विमलनं त्याचा पाठपुरावा करून त्यांची फेरी वस्तीपासून सुरू करायला लावली. पारूवहिनींच्या अंगणातही ती यायची. ओट्यावर बसायची नाही, सुमनशी उभ्यानं बोलायची आणि पुढच्या घराला जायची.

बाई निवृत्त झाल्या, गुडघे धरले, डोळ्याचं ऑपरेशन झालं. एका पौषात विमलनं विद्यार्थ्यांची नवी तुकडी डोंगरात न्यायची ठरवली आणि बाई म्हणाल्या मीही येते. आम्ही सगळ्यांनी नको म्हटलं. कॅनव्हासचे बूट घालून त्या जीपच्या पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसल्या होत्या. गळ्यात बाटली.

तोवर वाडीपर्यंत जीप जायला लागली होती. पारूवहिनी ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. त्यांचेही गुडघे गेलेले. दोघी शेजारी बसून गुडघ्यांवर बोलत राहिल्या. विमल पोरांना अंगणात उभं करून निरोगी खोऱ्याची गोष्ट सांगत होती आणि बाई मधून मधून दुरुस्त्या करत होत्या. मग सुमन घरातून बाहेर आली. हातात तोच पितळी तांब्या, तेच फुलपात्र. ती सासूकडं न बघता सरळ अंगणात गेली, फुलपात्र भरलं आणि विमलच्या हातात दिलं. हातातून हातात.

विमलनं ओट्याकडं पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. पारूवहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. त्यांनी बराच वेळ ते गुंडाळलं, सोडलं. मग सुनेला म्हणाल्या, "त्यांचं झालं की बाईंना बी दे. लई वर्सं तहानल्यात त्या."

विमल प्यायली. सगळं फुलपात्र, एका दमात. सुमननं ते पुन्हा भरून ओट्यावर आणलं तेव्हा बाईंनी दोन्ही हातांनी धरलं. पाणी हनुवटीवरून खादीच्या साडीवर ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

बाई त्यानंतर डोंगरात आल्या नाहीत, त्याच उन्हाळ्यात वारल्या. माझ्या डोळ्यापुढं त्या येतात त्या त्याच ओट्यावर, पारूवहिनींच्या खांद्याला खांदा लावून, चष्म्यावर पाण्याचे थेंब घेऊन. बाटली शेजारी आडवी पडलेली. आणि रिकामं फुलपात्र सुमनपुढं धरून म्हणतायत, "अजून आहे का गं?"